उताऱ्याच्या बावीस कोंबड्या

मिलोची भाकरी ज्यानं खाल्ली नाही त्याला बहात्तरचा दुष्काळ कळला नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. रेशनवर मिळायची ती लाल ज्वारी. थापायला घेतली की कडा फाटायच्या, भाजली की वहाणेच्या तळासारखी व्हायची, आणि खाल्ल्यावर पोट भरल्यासारखं वाटायचं नाही, पोटात कुणी काहीतरी ठेवून गेल्यासारखं वाटायचं. आमच्या घरी तीही माणशी एक येत नव्हती. श्रीगोंदे तालुक्यात, काष्टीपासून दोन कोस आत, आमचं तीन एकर बरड रान. आई विहिरीच्या तळाशी उतरून वाटीनं घागर भरायची. घागर वर काढून पुन्हा खाली उतरेपर्यंत तळाला आणखी दोन-चार वाट्या पाझरायचं. एवढ्यावर चार माणसं. शेवटी वडील तलावाच्या कामावर खडी फोडायला गेले आणि तिथंच पालात राहिले.

मी त्या वर्षी बी.ए.च्या शेवटच्या वर्गात होतो. आमच्या घराण्यात तोवर सगळ्यांचे अंगठे. वडिलांचा अंगठा, आजोबांचा अंगठा, चुलत्यांचे अंगठे. सही करणारा मी पहिला. निघताना वडील एवढंच म्हणाले, "आमी काय बी फोडू. तू तेवढं हे वरीस सोडू नगंस."

प्रवरेच्या कालव्याकाठी, देवळालीच्या अलीकडं, एक गाव होतं. तिथल्या विहिरींना थोडं पाणी टिकून होतं, त्यामुळं आईला उसात खुरपणीचं काम मिळत होतं, आणि माझं कॉलेज तिथून सायकलच्या अंतरावर. म्हणून आई, मी आणि नऊ वर्षांची बहीण मंदी असे आम्ही तिघं तिकडं गेलो. तिथं आम्हाला एका गृहस्थांनी खोली दिली. त्यांच्याविषयी मी हे लिहितो आहे. खोली दिली म्हणून मी उपकाराची भाषा वापरीन अशी कुणी अपेक्षा करू नये.

गृहस्थ कॅनॉल खात्यातून इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झालेले. गाव त्यांना तोंडावर 'साहेब' म्हणायचं आणि पाठीमागं 'कोंबडसाहेब'. साठी उलटलेली, अंगानं काटकुळे, रंग गोरा पण उन्हानं रापलेला. कडक इस्त्रीची खाकी अर्धी चड्डी, वर जानव्यावर नुसता बनियन, गळ्यात शिट्टी. हातात पाण्याची खोली मोजायची आकडे रंगवलेली पट्टी, काठी म्हणून वापरायचे. बायको पुण्याला मुलाकडं जाऊन राहिली होती. कारण विचारलं तर ते सांगायचे, "तिला खोकला आहे." खोकला वगैरे काही नव्हता. कोंबड्या होत्या.

माणूस सोवळ्यातला. कांदासुद्धा चातुर्मासात वर्ज्य. आणि यांच्या परसात एकवीस कोंबड्या. त्याही साध्या नव्हेत, उताऱ्याच्या.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडं घरातलं दुखणं हटेना की कोंबडी आणून आजाऱ्यावरून ओवाळतात. तिला हळद-कुंकू फासतात, पायात काळा दोरा बांधतात आणि दिवेलागणीला तिकटीवर, म्हणजे तीन रस्ते फुटतात तिथं, सोडून देतात. सोडणाऱ्यानं मागं वळून बघायचं नाही. दुखणं कोंबडीबरोबर गेलं. त्या कोंबडीला मग कुणी शिवत नाही, कारण शिवेल त्याच्या घरी ते दुखणं जाणार. कुत्रं नेवो, मुंगूस नेवो.

साहेब दर मंगळवारी, शुक्रवारी आणि अमावास्येला डोक्यावर डालगं घेऊन तिकटीवर जायचे. जवळच्या मोरीवर बसून राहायचे. सोडणारी बाई पाठ फिरवून चाळीस पावलं गेली की उठायचे. चाळीसच्या आत नाही. तोवर ती कोंबडी त्या बाईची, असा त्यांचा कायदा होता. मग ती उचलून घरी आणायची, कोमट पाण्यानं आणि जुन्या दात घासायच्या ब्रशनं कुंकू धुवायचं, पायातला दोरा कात्रीनं कापायचा. दुसऱ्या दिवशी ती बाई रस्त्यात भेटली तर मोठ्यानं सांगायचे, "तुमचा ताप आमच्याकडं मजेत आहे हो!" बाई पदर तोंडाला लावून पळायची.

"सोडली ती सुटली," हे त्यांचं आवडतं वाक्य. दिवसातून दहादा. नोकरीला, बायकोला, गावाला, सगळ्याला हेच.

कोंबड्यांना नावं नव्हती, नंबर होते. कालव्याला जशा चाऱ्या, म्हणजे पाण्याचे फाटे, असतात, एक नंबर चारी, दोन नंबर चारी, तशा या. परसाच्या भिंतीवर पाळीपत्रक लावलेलं: कुठली कोंबडी कधी पाणी पिणार. कालव्याच्या पाण्यात जो हिशेब, तोच मडक्यात. सगळ्यात अशक्त कोंबडी आधी, धष्टपुष्ट शेवटी. "टेलला आधी पाणी द्यायचं असतं," ते मला शिकवायचे. "मुखाजवळचा काय, चोरूनही पितो." ऐकायला छान. पण टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाला, ज्यांची शेतं होती ते गावातले लोक सांगायचे, की साहेब नोकरीत असताना एका उन्हाळ्यात त्यांच्या बांधाला पाणी लागलं नाही. अर्ज केला तर अर्जावर तिकीट कमी म्हणून परत. माणसांच्या वेळी न सुचलेला न्याय यांना कोंबड्यांच्या वेळी सुचला. याला भूतदया म्हणतात. परवा त्या बाजूचे एक जण भेटले, म्हणाले, "काय दयाळू माणूस होता!" मी चहा पिऊन उठलो.

खोलीचं भाडं नव्हतं. त्याच्या बदली सकाळी मी खुराडं झाडायचं आणि संध्याकाळी कोंबड्या आत घालायच्या. साहेब पट्टी टेकून शेजारी उभे.

"पदवीधर, कोपरा राहिला."

"अजून झालो नाही पदवीधर."

"म्हणूनच राहिला."

एकदा विचारलं, "विषय काय घेतलास?"

"इतिहास."

"म्हणजे होऊन गेलेलं पाठ करायचं?"

"तसं म्हणा."

"कोंबडी बरी तुझ्यापेक्षा. कालचं आज विसरते, म्हणून रोज अंडं देते."

अशी बुद्धी. आणि हा माणूस मॅट्रिकला दोनदा बसलेला, हे मला पोस्टमननं सांगितलं होतं.

त्यांच्या रेशनकार्डावरचा मिलो ते स्वतः खात नव्हते. स्वतः पेज प्यायचे आणि मिलो भिजवून कोंबड्यांना घालायचे. आई दिवसभर खुरपून यायची, अर्धी भाकरी मंदीच्या ताटात सरकवायची, आणि भिंतीपलीकडं तीच लाल ज्वारी टचाटचा टिपल्याचा आवाज यायचा. तो आवाज मी विसरलेलो नाही. त्याहून न विसरण्यासारखी गोष्ट अंड्यांची. साहेब अंडी खात नव्हते. विकायला न्यावीत तर उताऱ्याच्या कोंबडीचं अंडं घेणार कोण? पहिल्या आठवड्यात त्यांनी टोपली आईपुढं धरली होती.

आई दोन पावलं मागं सरली. "नगं सायेब. कुनाकुनाची दुखनी हायती त्यात, काय सांगावं."

"अंड्यात बलक असतो बाई, दुखणं नसतं."

"असंल. तुमच्यासाठी नसंल."

मग साहेबांनी ती अंडी लिंबाच्या झाडाखाली खड्ड्यात पुरली. तेव्हापासून रोज पुरायचे. माणसं तरवट्याचा पाला शिजवून खात होती त्या वर्षी, आणि हे गृहस्थ अंडी पुरत होते. बरं, पुरताना चेहरा असा की काही धार्मिक कार्य चाललंय.

मार्चमध्ये मंदीला ताप आला. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मुदतीचा ताप सांगितला, गोळ्या दिल्या, पेज पाजा म्हणाले. मी गोळ्या वेळेवर द्यायचो. बारा दिवस झाले तरी ताप हटेना. माझी परीक्षा पाच आठवड्यांवर आलेली. मी सकाळी तिच्या कपाळावर पट्ट्या ठेवायचो आणि मग सायकल काढायचो. आई काही बोलायची नाही. ती बोलायची नाही तेव्हा तिच्या मनात काय चाललंय ते ओळखायला मी तेव्हा पुरेसा शहाणा नव्हतो.

एका मंगळवारी मी कॉलेजातून यायच्या आत तिनं पायातली जोडवी दिली आणि वस्तीवरच्या एका बाईकडून काळी कोंबडी आणली. मंदीवरून ओवाळली. आता तिकटीवर सोडायची, तर जवळच्या तिकटीवर साहेबांचा पहारा, हे तिला माहीत. म्हणून ती कोंबडी पदराखाली धरून दीड कोस चालत पुढच्या गावाच्या शिवेपर्यंत गेली. तिथल्या तिकटीवर सोडली आणि मागं न बघता आली.

पण दुष्काळात लोकांकडं सोडायलाही कोंबड्या उरल्या नव्हत्या. आमच्या तिकटीवर महिनाभर काही येत नव्हतं. म्हणून साहेबांनीही आपली हद्द वाढवली होती. तेही त्याच संध्याकाळी, डालगं घेऊन, पुढच्या गावाच्या शिवेवर.

बुधवारी सकाळी परसातून हाक आली, "पदवीधर! बावीस नंबर आली बघ!"

मी बाहेर आलो. साहेब पाटावर बसून काळ्या कोंबडीला ब्रशनं घासत होते आणि पाण्यातून कुंकू ओघळत होतं. माझ्यामागून आई आली. तिच्या हातात भरलेली कळशी होती. त्या दिवसांत भरलेली कळशी म्हणजे काय ते सांगायला नको. ती तिनं सोडली.

"हे काय केलंसा सायेब?"

"काय केलं? लूत लागलीय मानेला, जरा हळद—"

"माज्या पोरीचं दुखनं हाय ते! दीड कोस जाऊन सोडून आले मी, आन तुमी ते माज्याच उंबऱ्यात आनून न्हाऊ घालताय व्हय?"

साहेब ब्रश हातात धरून तिच्याकडं बघत राहिले. त्यांना बहुधा प्रथमच कळत होतं की कोंबडी कुणीतरी आणलेली असते. पण तेवढंच. लगेच म्हणाले, "सोडली ती सुटली बाई. अंधारात ओळखलं नाही तुम्हाला, पण चाळीस पावलं गेला होता. मी मोजली."

आईनं आत जाऊन बोचकं बांधायला घेतलं. मी तिला समजावत होतो. ताप जंतूंमुळं येतो, कोंबडी म्हणजे कोंबडी, दोन दिवसांत उतार पडेल. तिनं माझं सगळं ऐकून घेतलं.

"तुज्या पुस्तकात आसंल तसं. पन पोर माजी हाय. ज्या घरात दुखनं माघारी आलं त्या घरात एक रात न्हाई ऱ्हायची मी."

"आई, मग जायचं कुठं? परीक्षा आहे माझी."

"व्हय, हाय. ठावं हाय मला." आणि ती रडायला लागली. माझी आई विहिरीत उतरताना रडली नव्हती, वडील पालात राहायला गेले तेव्हा रडली नव्हती.

खोली सोडायची म्हणजे गावाकडं परत जायचं. मला एकट्याला ठेवून ती आजारी पोर घेऊन जाणार नाही आणि मी तिला एकटीला सोडणार नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. म्हणजे वर्ष गेलं. आमच्या घरात दुसरं वर्ष मिळणार नव्हतं. मी साहेबांकडं गेलो. आयुष्यात मी फार लोकांपुढं हात जोडलेले नाहीत. त्या दिवशी जोडले.

"साहेब, एवढी एक कोंबडी दुसरीकडं ठेवा."

"परत सोडू म्हणतोस? मग मी उतारा टाकल्यासारखं होईल."

"सोडू नका. कुणाला तरी द्या."

"घेईल कोण? मारतील. ती माझी जबाबदारी आहे."

"आणि मंदी?"

"मंदीला डॉक्टर आहे. हिला कोण आहे?"

हा त्यांचा न्याय. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी काहीतरी बोलणार तेवढ्यात आई दारात आली. तिचं रडणं थांबलं होतं.

"सायेब, आमची आज्जी सांगायची. वाहतं पानी वलांडून नेलं तर दुखनं माघारी येत न्हाई. कॅनॉलच्या पल्याड न्या तिला. सव्वा महिना तिकडं ऱ्हाऊ द्या. मग काय बी करा."

मी कपाळाला हात लावला. कॅनॉल कोरडा ठणठणीत. पोरं त्यात विटीदांडू खेळत होती. पण साहेबांचा चेहरा बदलला. त्यांच्या खात्यातला प्रश्न आला होता.

"शुक्रवारी पहाटे पिण्याच्या पाण्याचं रोटेशन सुटतंय," ते म्हणाले. "दुपारी तीनपर्यंत इथं पोचेल. पलीकडं आपली जुनी चौकी आहे. तिथं ठेवता येईल. पुलावरून नेतो."

"पुलावरनं न्हाई चालायचं," आई म्हणाली. "पान्यातनं."

"पुलाखालून पाणीच वाहतं ना?"

"पान्यातनं, सायेब."

दोघांची अशी वाटाघाट चालली होती आणि मी, इतिहासाचा विद्यार्थी, मध्ये उभा. शेवटी साहेब मान डोलावून म्हणाले, "ठीक. तांत्रिकदृष्ट्या बाईंचं बरोबर आहे."

शुक्रवारपर्यंत आई मंदीला घेऊन मारुतीच्या देवळाच्या ओवरीत राहिली. मी दोन्हीकडं धावत होतो. शुक्रवारी तीनला नाही, साडेचारला पाणी आलं. गढूळ, पुढं काटक्या-पाला ढकलत, साप सरपटावा तसं. गुडघाभर झाल्यावर साहेब चड्डी आणखी वर दुमडून उतरले. डोक्यावर डालगं, डालग्यात ती काळी कोंबडी, हातात पट्टी. मधोमध थांबले. मला वाटलं पाय घसरला. नाही, पट्टी टेकवून पाण्याची खोली बघत होते. "दीड फूट!" म्हणून ओरडले. काठावर निम्मं गाव जमलेलं, हसून हसून पडायचं बाकी. आईनं हात जोडले होते. पाण्याला.

मी पुलावरून त्यांची ट्रंक नेली. कारण ते म्हणाले होते, "एकटी ठेवली तर मुंगूस नेईल. मीही राहतो सव्वा महिना." चौकी म्हणजे पत्र्याची एक खोली, दाराला एक फळी कमी. ट्रंक ठेवताना त्यांनी विचारलं,

"शेवटचा पेपर कधी?"

"पस्तिसाव्या दिवशी."

"म्हणजे सव्वा महिन्याच्या आत झाला." मग लगेच, "तुझ्यासाठी राहत नाही मी. गैरसमज नको. ही अशक्त आहे, तिकडं बाकीच्या टोचतात."

माझा काही गैरसमज झाला नाही. आजही नाही. एका आजारी पोरीला घरातून हलवावं लागलं तेव्हा हा माणूस हलला नाही. कोंबडीसाठी पाण्यात उतरला.

आणि ते तिकडं गेले म्हणजे एकवीस कोंबड्या माझ्या गळ्यात आल्या. सकाळी सहाला पलीकडून शिट्टी. मी खुराडं उघडल्याचं हात हलवून दाखवायचं. पाळीपत्रकाप्रमाणे पाणी. संध्याकाळी कोंबड्या आत घातल्या की पुन्हा शिट्टी, आणि मी परसामागं कालव्याच्या काठावर उभं राहून बोटांनी आकडा दाखवायचा: दोनदा दोन्ही पंजे आणि वर एक बोट. पूल पाचशे पावलांवर असताना हा तमाशा. पण पूल ओलांडून यायला त्यांना वेळ नव्हता, तिकडं बावीस नंबर होती ना. मी मोजताना हटकून चुकायचो. एखादी हलायची, पुन्हा मोजायचो, एक पंजा खाली घ्यायचो, पुन्हा वर करायचो. कालव्यावर धुणं धुणाऱ्या बाया म्हणायच्या, "बी.ए.ला मोजनी शिकवत न्हाईत वाटतं!"

मंदीचा ताप सहाव्या दिवशी उतरला. गोळ्यांनी. आई म्हणाली पाण्यानं. साहेबांना सांगितलं तर म्हणाले, "मुदतीचा होता, मुदत संपली."

आता अंड्यांचं सांगतो, कारण लपवण्यासारखं मी काही केलेलं नाही. ती मी पुरली नाहीत. खाल्ली. रोज दोन, चहाच्या भांड्यात उकडून. बाकीची कुस्करून मंदीच्या पेजेत. डॉक्टरांनी तिला ताकदीचं काहीतरी द्या म्हणून सांगितलंच होतं. आईला कळू नये म्हणून टरफलं उकिरड्यावर टाकत होतो. चौथ्या दिवशी ती भाकरी थापता थापता, वर न बघता म्हणाली, "टरफलं उकिरड्यावर टाकू नगंस. लोक बघत्यात. राखंत पुरत जा." एवढंच. त्यावर ती कधी बोलली नाही आणि मीही नाही. तिनं स्वतः मात्र एकही तोंडात घातलं नाही.

पाच आठवडे मी असा खात होतो आणि वाचत होतो. आयुष्यात तेवढं डोकं माझं कधी चाललं नाही.

शेवटच्या पेपरच्या आदल्या संध्याकाळी मी परसात मनसबदारी पाठ करत बसलो होतो. कोंबड्या आत घातल्या होत्या, पण खुराड्याची कडी लावायची राहिली. एकदम कोंबड्यांचा कलकलाट झाला. धावलो तेव्हा मुंगसाची शेपटी भिंतीच्या भोकात जाताना दिसली, आणि सात नंबरची पिसं. सात नंबर म्हणजे तांबडी, मान उघडी असलेली, साहेबांच्या पायात घोटाळणारी. मोजल्या. वीस.

तेवढ्यात पलीकडून शिट्टी.

मी काठावर गेलो. पलीकडं खाकी चड्डी दिसत होती. वीस दाखवले असते तर साहेब त्याच पावली आले असते, आणि एकटे आले नसते. काळी कोंबडी काखेत घेऊन आले असते, सव्वा महिना व्हायच्या आत. आईनं पुन्हा बोचकं बांधलं असतं. पेपर सकाळी अकराला होता. मी दोनदा दोन्ही पंजे वर केले आणि एक बोट दाखवलं. पलीकडं ते थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग आत गेले.

पेपर चांगला गेला.

चौथ्या दिवशी सव्वा महिना पुरा झाला आणि साहेब ट्रंक, कोंबडी आणि पट्टी घेऊन पुलावरून परत आले. आत येताच विचारलं, "सात नंबर?"

"मुंगसानं नेली. काल."

"काल नाही. तुझ्या पेपरच्या आदल्या दिवशी."

मी त्यांच्या हातातली ट्रंक घेऊन खाली ठेवली.

"रोज मोजताना चाचपडायचास. दोनदा चुकायचास. त्या दिवशी एकदम दाखवलेस एकवीस, न चुकता. तेव्हाच कळलं."

"मग आला का नाहीत?"

"पेपर होता ना तुझा."

हे मी आजवर ज्यांना ज्यांना सांगितलं ते गहिवरले. माझा एक सहकारी तर डोळे पुसायला लागला. मी गहिवरलो नाही, कारण पुढचं वाक्य मला पाठ आहे. साहेब म्हणाले, "आता झाली ना परीक्षा? मग आठ दिवसांत खोली मोकळी करा. ज्याला कडी लावता येत नाही त्याच्या हाती मला कोंबड्या ठेवायच्या नाहीत." आवाज चढलेला नव्हता. मुंगसानं नेलेल्या एका कोंबडीपायी त्यांनी दुष्काळात तीन माणसांना घराबाहेर काढलं, आणि त्यातली एक नुकती तापातून उठलेली. आई त्यांच्या पाया पडली आणि म्हणाली, "लई केलंत सायेब." का म्हणाली कोण जाणे. मी पाया पडलो नाही.

निघताना ते परसात पाठमोरे बसले होते. त्यांच्यापुढं पाळीपत्रक होतं आणि सातच्या रकान्यावर ते पट्टी ठेवून सरळ रेघ मारत होते. आम्ही फाटक लावलं तरी त्यांनी वळून पाहिलं नाही.

बाकीचे दोन महिने आम्ही वडिलांजवळ तलावाच्या पालात काढले. मीही खडी फोडली. जूनमध्ये निकाल लागला. इतिहास विषय घेऊन मी दुसऱ्या वर्गात बी.ए. झालो, आमच्या घराण्यातला पहिला.